डोंगरी तालुक्यात ज्येष्ठ आणि दिव्यांगांच्या प्रवासासाठी एसटी, वडाप आणि दवाखाना यांचा मेळ कसा घालायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात चार-पाच वाड्यांचा मिळून ज्येष्ठ नागरिक संघ आहे. एसटी दिवसातून दोनदा येते, वडापच्या (भाड्यानं माणसं नेणाऱ्या खासगी) जीप आहेत, तालुक्याला ग्रामीण रुग्णालय आहे. तरीही म्हाताऱ्या आणि दिव्यांग माणसांची पाटण-कराडची फेरी नीट होत नाही. देणगी गोळा करून व्हॅन घ्यावी का?

आत्ता घेऊ नका. आधी परतीची वेळ बांधा. जाताना कुणी ना कुणी नेतंच, शेजारचा पोरगा दुचाकीवर बसवतो, दूधवाला सोडतो. अडतं ते येताना. साडेबाराला दवाखान्यातून मोकळी झालेली आजी संध्याकाळच्या गाडीची वाट बघत स्टँडवर बसून राहते, जेवण चुकतं, गोळ्यांची वेळ चुकते, आणि पुढच्या महिन्यात ती घरातून निघतच नाही. ती आजारी पडली की आपण म्हणतो औषधं बंद केली. औषधं तिनं बंद केलेली नसतात, परतीची गाडी नसते.

सुरुवात यादीपासून. यादी वयानं करू नका, चढण्या-उतरण्यानं करा. आगाराच्या गाडीची पहिली पायरी टेपनं मोजा आणि तेवढ्याच उंचीच्या ओट्यावर माणूस चढून बघू द्या. चार गट पडतात: एकटा चढणारे, हात दिला की चढणारे, एसटीला न चढता येणारे पण जीपच्या किंवा रिक्षाच्या सीटवर बसू शकणारे, आणि व्हीलचेअरवरून उठवताच येत नाहीत असे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा पहिल्या गटात असतात आणि गुडघे गेलेली साठीची बाई तिसऱ्यात. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: घरापासून थांब्यापर्यंतचं अंतर आणि मधला चढ, नेहमी जायचं ठिकाण, आणि किती दिवसांनी जायचं. डायलिसिसचा माणूस आठवड्यातून दोन-तीनदा ठरलेल्या वेळी जातो आणि चार-एक तास अडकतो. बीपी-शुगरचा महिन्यातून एकदा. हे एकत्र मांडलं की बहुतेकांचा वार बदलता येण्यासारखा आहे हे दिसतं. मग रुग्णालयात जाऊन वैद्यकीय अधीक्षकांना भेटा आणि तुमच्या वाड्यांसाठी आठवड्यातला एक वार मागा. जुनीच औषधं चालू असलेल्यांना त्या दिवशी आधी घ्यावं एवढंच. डायलिसिसवाल्यांना या वारात कोंबू नका, त्यांचं वेळापत्रक वेगळंच राहतं.

आता गाडी. हिशेब गावापासून मांडा. वाडी पाटणपासून १८ किलोमीटर आणि परतीची फेरी एकच धरा. गाडी पाटणहून मागवली तर ती रिकामी वर येते, माणसं घेऊन खाली जाते, दुपारी सोडायला वर येते आणि रिकामी परत जाते: ७२ किलोमीटर. वाडीतलीच जीप घेतली, जी दिवसभर पाटणला थांबते, तर ३६. भाडं निम्म्यावर येतं, त्यात थांबण्याचे पैसे मिळवले तरी स्वस्त पडतं. रात्री गावातच थांबून सकाळी निघणारी एसटीची मुक्कामी गाडी याच तत्त्वावर चालते. वडापवाला कुठे राहतो हे गाडीच्या मॉडेलपेक्षा महत्त्वाचं.

कागदाच्या बाबतीत ढिलाई नको. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडं घेऊन माणसं नेणं मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६६ मध्ये बसत नाही, आणि अपघात झाला की विमा कंपनी पहिला मुद्दा हाच काढते. पिवळ्या पाटीच्या गाडीलाही बहुधा कंत्राटी परवाना असतो. म्हणजे पूर्ण गाडी ठरवून नेता येते, वाटेत थांबत एकेकाकडून तिकीट घेता येत नाही. म्हणून संघानं गाडी दिवसाच्या बोलीनं लेखी ठरवावी, चालकाला एकच रक्कम द्यावी आणि सभासदांची वर्गणी संघाच्या वहीत जमा करावी. चालकानं कुणाकडूनही पैसे घ्यायचे नाहीत. परवाना, फिटनेस, विमा, लायसन्स यांच्या झेरॉक्स संघाकडे ठेवा आणि ठरवण्याआधी कराडच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात एकदा विचारून घ्या.

पहिल्या दोन गटांसाठी मात्र जीप नको, एसटीच हवी. आगार व्यवस्थापकांकडे जाताना "गाडी वाढवा" असा अर्ज नेऊ नका. नवी फेरी म्हणजे एक गाडी, एक चालक, एक वाहक आणि त्यांच्या ड्युटीचे तास, ते सहजी निघत नाहीत. आहे त्या फेरीची वेळ वीस मिनिटं पुढेमागे करणं निघतं. म्हणून एका अर्जात एकच मागणी, सोबत ग्रामसभेचा ठराव आणि कोणत्या वारी किती माणसं चढतील याची यादी. अर्ज देण्याआधी हायस्कूलच्या मुख्याध्यापकांशी बोला. सकाळची फेरी बहुतेक वेळा शाळेच्या पोरांची असते. ती हलवली आणि मुलींची शाळा चुकली तर आठ दिवसांत तुमचा बदल रद्द होईल, आणि तो व्हायलाच हवा. थांबा दूर असेल तर वस्तीजवळ विनंती थांबा मागा. हात धरून चढणाऱ्यासाठी चारशे मीटरचा चढ कमी होणं ही फार मोठी गोष्ट आहे.

थांब्यावर वीस-पंचवीस सेंटिमीटर उंचीचा, दोन मीटर लांब सिमेंटचा ओटा बांधा, एका बाजूनं उतरता. दुसऱ्या गटातली कितीतरी माणसं तेवढ्यानं एसटीला चढू लागतात. दोन गोष्टी बिघडतात. दार बाहेर उघडणारं असेल आणि ओटा उंच झाला तर दार ओट्यावर आपटतं, म्हणून दाराची खालची कड मोजूनच उंची ठरवा. आणि चालकानं गाडी हातभर लांब उभी केली की ओटा आणि पायरी यांच्यात फट राहते, पाय तिथेच जातो. डांबरावर पांढरा पट्टा मारून घ्या आणि पहिले काही दिवस थांब्यावर एक माणूस उभा करा. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी लागते, त्यातून ओट्याचा आणि उताराचा प्रस्ताव मांडा. दिव्यांग नसलेल्या ज्येष्ठांचं जीपभाडं या पैशातून दाखवू नका, ते खातं वेगळं ठेवा. ठरावात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम ४१ लिहा. बसथांबे आणि वाहनं दिव्यांगांना वापरता येण्याची जबाबदारी त्यात शासनावर टाकली आहे.

एसटीच्या सवलती लोकांना माहीत आहेत, पण अर्धवट. ६५ ते ७५ वयाला निम्मं भाडं, ७५ पूर्ण झालेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून राज्यात मोफत, आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना निम्मं. पंचाहत्तरीपुढच्या प्रवाशानंही शून्य रुपयाचं तिकीट मागून घ्यायचं. "म्हाताऱ्याला कशाला तिकीट" म्हणून वाहकानं मशीनवर नोंद केली नाही तर त्या फेरीला माणसंच नाहीत असं आगाराच्या कागदावर दिसतं, शासनाकडून एसटीला मिळणारी भरपाईही बुडते, आणि कमी भारमान (गाडी किती भरते ते प्रमाण) म्हणून तीच फेरी बंद होऊ शकते. तुमच्या सगळ्या आजी-आजोबांना हे पाठ करून द्या.

दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर साध्या गाडीत ७५ टक्के सवलत आहे, आणि ६५ टक्क्यांपुढे साथीदारालाही निम्मं भाडं. इथे हमखास वाद होतो तो कार्डाच्या रंगावरून. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) ४० ते ८० टक्क्यांपर्यंत पिवळं आणि त्यापुढे निळं असतं. पिवळ्या कार्डावर ४५ टक्केवालाही असतो आणि ७० टक्केवालाही, म्हणून साथीदाराची सवलत मागताना वाहकाला रंग नाही, छापलेली टक्केवारी दाखवायची. जून २०२१ पासून प्रमाणपत्र ऑनलाइनच निघतं. तुमच्या यादीत जुनी कागदी प्रमाणपत्रं असलेले निघतील, त्यांचे अर्ज एकाच दिवशी भरून घ्या आणि तपासणीला एकाच गाडीतून न्या. तपासणी मंडळ कुठे आणि कोणत्या वारी बसतं ते फोनवर पक्कं केल्याशिवाय गाडी हलवू नका.

चौथ्या गटाची माणसं मोजकी असतात, पण व्हॅनचा प्रश्न खरा त्यांच्यासाठीच आहे. गाडीचा तळ जमिनीपासून ४५ सेंटिमीटर असेल तर इमारतीच्या १:१२ नियमानं (उंचीच्या बारापट लांबी) रॅम्प ५.४ मीटर लांब लागेल, तो कुठे ठेवणार? १:४ नं १.८ मीटर पुरतो, पण मग मागून ढकलायला धडधाकट माणूस हवाच आणि त्याहून उभा रॅम्प धोक्याचा. मागचा रॅम्प असेल तर डोंगराच्या रस्त्यावर गाडीचं तोंड उताराकडे ठेवून उभी करा, म्हणजे मागची जमीन वर येते आणि रॅम्प सौम्य होतो. हँडब्रेक ओढून चाकांना ठोकळे लावायचेच. आत खुर्चीला साधारण ७५ बाय १२० सेंटिमीटर जागा लागते. खुर्चीचं तोंड पुढे, आडवी कधीच नाही. चार पट्टे खुर्चीच्या सांगाड्याला बांधायचे. चाकाला, पायटेकणीला किंवा काढता येणाऱ्या हातटेकणीला बांधलेला पट्टा घाटात एका ब्रेकला सुटतो. माणसाचा पट्टा वेगळा, खुर्चीच्या पट्ट्यावर भागवायचं नाही. हे सगळं असलेली गाडी कराड-साताऱ्यात महिन्यातून ठरावीक दिवस भाड्यानं मिळते का हे आधी शोधा, विकत घेतलेली गाडी उरलेले दिवस उभीच राहील आणि चालकाचा पगार चालूच राहील. १०८ ची गाडी तातडीच्या रुग्णासाठी आहे, ती नेहमीच्या तपासणीच्या हिशेबात धरू नका.

मुंबईला उपचारासाठी जाणारे कराडहून रेल्वे धरतात. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, दिव्यांगांची चालू आहे, पण ठरावीक प्रकारांनाच, आणि तिकिटाच्या सवलतीसाठी केवळ यूडीआयडी पुरेल असं समजू नका. सरकारी डॉक्टरांनी रेल्वेच्या नमुन्यात दिलेला दाखला हवा, त्यावरून रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र निघतं. ज्यांना सोबतीशिवाय जाता येत नाही त्यांच्या दाखल्यावर तसा स्पष्ट उल्लेख हवा, त्यावरच साथीदाराची सवलत अवलंबून असते. हा दाखला प्रवासाच्या आदल्या दिवशी निघत नाही.

रोजचं चालवायला एक फोन आणि एक वही पुरे, पण फोन चालकाकडे नको. तो घाटात असतो आणि ओळखीच्याला आधी हो म्हणतो. संघातल्या एकानं आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत नावं घ्यायची आणि सहानंतर यादी बंद. तिसऱ्या गटातल्या माणसाला घरातून गाडीत बसायला पाच-सात मिनिटं लागतात, म्हणून एका फेरीत घरांसमोरचे थांबे पाच-सहापेक्षा जास्त नकोत, नाहीतर शेवटच्या माणसाची केसपेपरची खिडकी चुकते. परतीच्या दोन वेळा ठरवा, साधारण साडेबारा आणि तीन, आणि रुग्णालयाच्या दारावर लावा. "झालं की फोन करा, गाडी पाठवतो" ही पद्धत चालत नाही, सगळ्यांचे फोन एकाच वेळी येतात आणि चालक तोपर्यंत दुसरं भाडं घेऊन गेलेला असतो. कुणी आत अडकलं तर साडेबाराची गाडी दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबवू नका, तो माणूस तीनच्या गाडीनं येईल. तीनची मात्र एकालाही मागे ठेवून सोडायची नाही.