वाचकांचे प्रश्न : सपाट झालेली घोडी

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातील एका नगरपालिकेत पाणीपुरवठा विभागाचा अभियंता असून वय ४६ आहे. सुट्टीच्या दिवशी लाकूडकाम आणि संध्याकाळी थोडे गाणे शिकणे, हे माझे दोन छंद. आजोबांचा मिरजेचा तानपुरा कित्येक वर्षे खोळीत पडून होता. तो दिवाळीत काढून खुंट्या बसवल्या आणि नव्या तारा चढवल्या. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर, तारांनी चर पाडले होते, म्हणून ती सोडवून काचेवर काचपेपर अंथरला आणि गुण्याखाली (काटकोन तपासायच्या साधनाखाली) उजेडाची रेघही दिसणार नाही इतकी सपाट केली. आता तानपुरा स्वरात लागतो, पण बोलत नाही. घोडीवर तारेखाली असतो तो दोरा कुठेही सरकवला तरी आवाज बसकाच येतो. चूक काय झाली आणि ती घरी सुधारता येईल का? पुढे स्वतः एक तानपुरा बांधण्याचाही विचार आहे. तो कितपत शहाणपणाचा?

उत्तर : चूक गुण्याची आहे, म्हणजे तुमच्या आणि माझ्या पेशाची आहे. मीही पाटबंधाऱ्याच्या कामावर हयात घालवलेला माणूस, त्यामुळे पृष्ठभाग दिसला की तो समतल करावा असे हातांना आपोआप वाटते, हे मी जाणतो. तानपुऱ्याची घोडी मात्र सपाट दिसते, असत नाही. तार ज्या दिशेने जाते त्या दिशेने तिला अतिशय मंद गोलाई असते. छेडलेली तार कंप पावताना या गोलाईवर क्षणाक्षणाला थोडी टेकते आणि थोडी उचलली जाते, म्हणजे तिची बोलती लांबीच सारखी बदलत राहते, आणि त्यातून वरचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे उंच स्वर, पुन्हापुन्हा जागे होतात. जवारी म्हणतात ती हीच. घोडी आणि तार यांच्यामध्ये सरकवलेला दोरा तारेला केसभर उचलून नेमक्या निसटत्या स्पर्शावर आणतो. तुमच्या घोडीवर गोलाईच उरलेली नाही, तेव्हा दोऱ्याने शोधायचे तरी काय?

सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली या विषयावर निबंध लिहिला, त्यातले निरीक्षण तुमच्यासारख्याला आवडेल. एखाद्या उपस्वराचा जेथे निःस्पंद बिंदू (तार स्थिर राहते ती जागा) असतो, तेथेच तार छेडली तर तो उपस्वर उमटू नये, असा साध्या तारेचा नियम आहे; तानपुरा आणि वीणा तो पाळत नाहीत आणि नेमका तो उपस्वरही ऐकू येतो. याचे श्रेय रामन यांनी घोडीच्या या रचनेला दिले.

घरी सुधारता येईल, पण आजोबांच्या घोडीवर नको. जवारी लावताना दर खेपेस घोडीची उंची थोडी उतरते आणि उतरलेली उंची परत येत नाही. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी एका दुपारी इतकी घासली, की खर्जाची (खालच्या षड्जाची) तार तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर) कुरकुरू लागली आणि शेवटी नवी घोडी बसवावी लागली. म्हणून आधी शिसवीसारख्या कठीण लाकडाची घोडी स्वतः बनवा आणि तीवर हात बसवा. मिरजेत मी ज्या कारागिराकडे तासभर बसलो, त्याच्याजवळ कोणतेही माप नव्हते. तो कानशीचे दोन-तीन हलके हात मारी, भुकटी पुसून तार पुन्हा स्वरात आणी, छेडून मान खाली घालून ऐके, आणि बरेचदा काहीही न करता नुसता दोराच हलवी. त्या तासात कानस फार थोडा वेळ चालली. आपल्याला सुचण्यासारखी एक युक्ती सांगतो. फिटर सांधा तपासताना निळा रंग लावतात, तशी घोडीवर शिसपेन्सिल चोळा. तार जेथे टेकते तेथे चकाकी उमटते. चारही तारांना एकच गोलाई मात्र देऊ नका. पितळी खर्जाची तार जाड आणि सैल असते, तिचा झोका मोठा, त्यामुळे तिचा उतार जोडीच्या (मधल्या षड्जाच्या दोन) तारांसारखा ठेवून चालत नाही.

स्वर लावण्यासाठी मोबाइल वापरत असाल तर फक्त षड्जापुरता वापरा. त्यातला पंचम समविभाजित, म्हणजे बारा सारख्या भागांत वाटलेल्या, सप्तकातला असतो, शुद्ध पंचमाहून साधारण दोन सेंट खाली (सेंट म्हणजे त्या एका भागाचा शंभरावा हिस्सा). फरक कमी वाटला तरी षड्जाशी मिळवताना त्याचे डोल (आवाजाचे लहानमोठे होणे) ऐकू येतात. खर्ज नीट बोलू लागला की त्यातून आपोआप गांधार उमटतो, तो मात्र पेटीच्या गांधारापेक्षा सुमारे चौदा सेंट उतरलेला असतो. तो गांधार ऐकू आला म्हणजे जवारी लागली, असे मी धरून चालतो.

तानपुरा बांधण्याविषयी बोलायचे, तर तुम्ही मोठ्या सोयीच्या जागी राहता. मिरजेच्या कारागिरांकडे येणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून, म्हणजे तुमच्याच जिल्ह्यातून येतात. दांडी आणि तबलीसाठी तुणाचे लाकूड वापरतात. ते नीट मुरलेले असावे, इमारतीच्या उरलेल्या फळ्यांचा मोह टाळावा. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामागे १९व्या शतकात शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांपासून चालत आलेली पिढ्यांची हातोटी आहे. ती आपल्याला दोन वर्षांत येणार नाही, पण म्हणून काम सोडावे असेही नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त उपजिल्हाधिकारी. त्यांनी १९१०च्या सुमारास अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गायनाच्या आधारे सप्तकातल्या बावीस श्रुती (सूक्ष्म स्वरस्थाने) मोजल्या आणि त्या वाजवील अशी पेटी घडवण्याच्या खटपटीत पडले. त्यांचे निष्कर्ष सर्वांना पटले असे नाही, पण मुलकी नोकरीतल्या माणसाने स्वरांना माप लावून पाहिले, ही गोष्ट मला तरी मोलाची वाटते.

तेव्हा भोपळा, दांडी, तबली, खुंट्या हे सारे स्वतः करा. पहिल्या वाद्याची घोडी मात्र मिरजेहून आणा आणि ती बसवण्यापूर्वी तिच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत पाच ठिकाणी व्हर्निअरने उंची मोजून वहीत नोंदवा. आजोबांच्या घोडीची आजची उंचीही त्याच पानावर लिहून ठेवा.