सडपातळ विहीर की बारीक वेज?

बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या एका वाचकांनी विचारलंय: ‘भूऔष्णिक, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेच्या, ऊर्जेवर मराठीत टिपण लिहितोय. स्लिमहोलला “सडपातळ विंधनविहीर” म्हटलं तर चालेल का?’

मला दोन्ही शब्द खटकतात. सडपातळ असते ती माणसाची अंगकाठी. सुई, तार, भोक हे बारीक. आणि विहीर म्हटली की तिच्यातून काहीतरी काढायचं आलं. स्लिमहोल पाडतात ते खाली किती उष्णता आहे याचा आधी अंदाज घ्यायला. वाफ काढायच्या विहिरीचा व्यास तळाशीही बहुधा ८ इंचांच्या वर असतो; हे भोक ६ इंचांच्या आत, पुष्कळदा ३-४ इंचांचंच. त्यातून खडकाचा सलग गाभा वर काढतात, कुठल्या खोलीवर किती तापमान ते मोजतात, वरून पाणी सोडून खडक ते किती रिचवतो ते बघतात. त्यावरून मोठी विहीर किती देईल याचं गणित मांडतात. रिग, म्हणजे भोक पाडायचं यंत्र, लहान, पाइप-सिमेंट कमी, त्यामुळे खर्चही आवाक्यात. अमेरिकेत नेवाडातल्या स्टीमबोट हिल्सला १९९३ साली चालू भूऔष्णिक क्षेत्रातच असं भोक पाडून ही पद्धत पारखली होती.

मग शब्द कोणता? मी ‘वेज’ सुचवेन. घडियाळी पोळात आजीबरोबर नथ गाठवायला गेलो होतो, तेव्हा तिने एक मोती उजेडाकडे धरून बाजूला ठेवला होता: ‘ह्याचं वेज बारीक आहे, तार जायची नाही.’ नाकात बरेच दिवस काही घातलं नाही तर ‘वेज बुजलं’ म्हणायची. संध्येची सांज झाली, वंध्येची वांझ, तसंच वेध्यचं वेज. मूळ धातू व्यध्, म्हणजे भोसकणं. ‘वेध’ही त्याच घरातला, आणि वेध घेणं म्हणजे दूरच्या गोष्टीचा ठाव काढणं, वेधशाळेत तेच चालतं. जमिनीत भोक पाडून खालच्या उष्णतेचा ठाव काढायचा, तर याहून जवळचा शब्द मला सापडत नाही. पहिल्यांदा ‘बारीक वेज, म्हणजे स्लिमहोल’ असं लिहा, पुढे नुसतं ‘वेज’.

जाता जाता, रिझर्व्हॉयरला ‘जलाशय’ करू नका. बडोद्याच्या माणसापुढे लगेच आजवा सरोवराचं पाणी उभं राहतं. भूऔष्णिक रिझर्व्हॉयरमध्ये पाणी भेगाळलेल्या तापल्या खडकात मुरलेलं असतं. ‘भूऔष्णिक साठा’ म्हणा.