दूध सोडण्याआधी

आहार-समुपदेशनाच्या माझ्या कामात गेल्या काही वर्षांत एक प्रश्न वारंवार येतो : "व्हीगन व्हायचं ठरवलंय; सगळं एकदम सोडू की हळूहळू? आणि हळूहळू सोडलं, तर ते मनापासून केलं नाही असं होतं का?" व्हीगन होणे म्हणजे प्राण्यांपासून मिळणारे सगळेच, अगदी दूध-तूपही, आहारातून सोडणे. विचारणारे बहुतेक जण घरचे शाकाहारी असतात. मांस, मासे, अंडी त्यांच्या ताटात कधी नव्हतीच, त्यामुळे त्यांचा पेच दूध, दही, ताक, तूप, पनीर आणि चहा एवढ्यापुरता असतो. 'एवढ्यापुरता' असे लिहिले खरे, पण मराठी शाकाहारी घरात या यादीला हात लावणे म्हणजे देव्हाऱ्यापासून जेवणाच्या पानापर्यंत सगळीकडे हात लावणे होय.

या प्रश्नाला मी सहसा एका मुलीची हकिकत सांगून उत्तर देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय सव्वीस, पुण्यात नोकरी, आईवडिलांसोबत राहणारी. संगमनेरकडे मामाच्या गोठ्यावर ती चार दिवस राहिली होती. गाईला पान्हा फुटावा म्हणून वासराला क्षणभर आचळाला लावायचे आणि लगेच ओढून बाजूला बांधायचे, हे लहानपणापासून पाहिलेले दृश्य तिला या वेळी पाहवेना. घरी परतल्यावर १ जानेवारीला तिने दुधाचे सर्व पदार्थ एका दिवसात बंद केले. सातव्या आठवड्यात ती माझ्याकडे आली तेव्हा तिला थकवा होता, दुपारी चारनंतर काही सुचत नव्हते, आणि आदल्या रविवारी बहिणीच्या साखरपुड्यात दोन पेढे खाल्ले म्हणून ती स्वतःवर चिडलेली होती.

आहाराबद्दल बोलण्याआधी मी तिला वजन, मासिक पाळी आणि चुकवलेली जेवणे यांविषयी सविस्तर विचारले. हे प्रश्न काहींना खटकतात, पण मी ते टाळत नाही. कधीकधी तत्त्वाच्या आडोशाने खाणे कमी करत नेण्याची सवय लपलेली असते, आणि तसे असेल तर दुधाचा विषय बाजूला ठेवून आधी त्यावर, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांच्या मदतीने, काम करावे लागते. इथे तसे नव्हते. तिला भूक लागत होती, ती खातही होती. मात्र काय खात होती, ते आम्ही लिहून काढले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. सकाळी कोरा चहा आणि खारी, डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी वेफर्स, रात्री भात आणि पातळ वरण. त्या खारीत लोणी नसते, एवढे मात्र तिने वेष्टन वाचून पारखून घेतले होते.

पूर्वी चहा, दही, रात्रीचे दूध आणि अधूनमधून पनीर मिळून तिच्या पोटात दिवसाला सुमारे अर्धा लिटर दूध जात असे. म्हणजे साधारण १६ ग्रॅम प्रथिने आणि ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढांसाठी दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम सुचवले आहे, हे लक्षात घेतले तर तिने निम्म्याहून अधिक भाग एका फटक्यात काढून टाकला होता आणि त्या जागी काहीच ठेवले नव्हते. माझ्या मते तिची चूक दूध सोडण्यात नव्हती, तर जागा रिकामी ठेवण्यात होती. हळूहळू जाण्याचा माझा आग्रह याच कारणासाठी असतो : आधी नवा पदार्थ ताटात रुळू द्यावा, मग जुना काढावा.

डॉक्टरांकडून तिच्या तपासण्या करून घेतल्या तेव्हा ब-१२ जीवनसत्त्व बरेच कमी निघाले, आणि आईने लगेच निकाल दिला : "बघा, दूध सोडल्याचा परिणाम." परंतु ब-१२ चा साठा यकृतात दीर्घकाळ टिकतो; तो सात आठवड्यांत सहसा इतका खाली जात नाही. ही कमतरता ती रोज दूध पीत होती तेव्हापासूनची असणार, आणि आपल्याकडच्या शाकाहारी माणसांत ती सर्रास आढळते. म्हणून व्हीगन होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला मी पहिली पायरी हीच सांगते : तपासणी करून घ्या, आणि ब-१२ ची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने कायमची चालू ठेवा. इडली, आंबील किंवा स्पिरुलिनातून ते भरून निघते, या समजावर विसंबू नये. हातापायांना मुंग्या येईपर्यंत थांबलेली माणसे मी पाहिली आहेत.

पहिल्या महिन्यात तिने काहीही सोडायचे नाही, असे ठरले; दही, चहा, रात्रीचे दूध आणि पनीर पुन्हा सुरू झाले. याचा तिला राग आला. तिला एकच काम दिले होते : घरात होणाऱ्या कोणत्या पदार्थांत मुळातच दूध-तूप नसते, त्यांची आईसोबत बसून यादी करणे. पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, भरली वांगी, शेंगदाणे घातलेले अळूचे फदफदे, थालीपीठ, कोथिंबीर वडी, मसालेभात, कटाची आमटी, नारळाच्या दुधाची सोलकढी. यादी वहीच्या दोन पानांवर गेली आणि आईच म्हणाल्या, "अगं, हे तर आपण रोजच खातो."

दुसऱ्या महिन्यात भर घालणे सुरू झाले. आठवड्यातून चार दिवस नाचणीची भाकरी, कारण १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. जेवणात तिळाची किंवा जवसाची चटणी. संध्याकाळी वेफर्सऐवजी मूठभर शेंगदाणे आणि फुटाणे. आठवड्यातून दोनदा सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा, ज्यात ३० ग्रॅम कोरड्या वड्यांतून जवळजवळ १५ ग्रॅम प्रथिने मिळतात. उसळीवर लिंबू पिळायचे आणि जेवणानंतर तासभर चहा घ्यायचा नाही, म्हणजे लोह अंगी लागते. हे रुळल्यावर रात्रीचे दूध आणि पनीर गेले, आणि तिला ते जाणवलेही नाही.

अडले ते तुपावर. वरण-भातावर आई तुपाची धार सोडायच्या आणि ती ताट मागे ओढायची. रोज रात्री तोच प्रसंग. मी आईंना एकट्यांना बोलावले. बराच वेळ त्या मुलीच्या हाडांविषयी बोलल्या, आणि मग म्हणाल्या, "तुपाशिवाय वाढलं की आजाऱ्याला वाढल्यासारखं वाटतं हो." पोषणाचे कोष्टक दाखवून या वाक्याला उत्तर देता येत नाही, आणि मी ते दिलेही नाही. त्यांना हाताने काहीतरी वरून वाढायचे होते. पुढच्या आठवड्यापासून मुलीच्या वरणावर त्या तेलातली लसूण-मिरचीची चरचरीत फोडणी ओतू लागल्या. आता वडीलही तीच मागतात, असे मला कळले.

सगळेच जमले असे नाही. मिरचीचे देठ घालून शेंगदाण्याच्या दुधाचे दही लावले, ते कढीला चालले पण नुसते खाववेना. सोया दूध आल्याच्या उकळत्या चहात घातले की फाटायचे. चहा उतरवून त्यात कोमट सोया दूध मिसळायला शिकेपर्यंत महिना गेला, आणि ते दूध महाग पडते म्हणून ती बहुधा गवती चहाच घेते. दुधाचा चहा सर्वांत शेवटी, नवव्या महिन्यात, सुटला. गणपतीत मामाकडे तुपातले उकडीचे मोदक तिने खाल्ले. या वेळी ती चिडली नाही. खायचे हे तिने निघण्यापूर्वीच ठरवले होते.

गर्भारपणात, वाढत्या मुलांसाठी किंवा मूत्रपिंडाचा विकार असताना हा क्रम असाच लावू नये. तिथे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून वेगळा आराखडा करावा लागतो.

सत्यनारायणाच्या पूजेतील पंचामृताचा प्रश्न मायलेकींनी माझ्यापर्यंत आणलाच नाही. आई तिच्या तळहातावर नुसते तुळशीचे पान ठेवतात, हे मला बोलण्याच्या ओघात समजले. ब-१२ ची पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे.