कागद अडवलेत म्हणून सीट ठरवू नका

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला, कारण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलीय, तिच्याकडे येतोच. आधी मला प्रकरण नीट कळलंय का ते बघा. मुलीला स्टेट कॅपच्या (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या राउंडला एका प्रायव्हेट डेंटल कॉलेजात बीडीएसची सीट लागली, तुम्ही पहिल्या वर्षाची फी भरली, दहावी-बारावीची ओरिजिनल मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी सगळं जमा केलं, आणि त्याच काउंटरवर पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर तुमची सही घेतली की सीट मधेच सोडली तर चारही वर्षांची फी भरू, वर एक सही केलेला कोरा चेक. आता एमसीसीच्या (केंद्राच्या मेडिकल काउन्सेलिंग कमिटीच्या) दुसऱ्या राउंडला डीम्डमध्ये, म्हणजे अभिमत विद्यापीठात, सीट लागलीय, तिथले दोन लाख डिपॉझिट आधीच भरलेत, मुलीला तिकडेच जायचंय, आणि पहिलं कॉलेज म्हणतंय चार वर्षांची फी ठेवा नि कागद घेऊन जा. हातात चार दिवस. तुमचा प्रश्न, कागद असे अडवता येतात का, आणि मुलीने नक्की कुठे जावं.

कागदांचं उत्तर सरळ आहे, नाही अडवता येत. दुसऱ्याची वस्तू पैशासाठी धरून ठेवायचा हक्क, ज्याला आम्ही वकील लीन म्हणतो, तो कायद्याने मोजक्या लोकांना दिलाय. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम १७१ बघितलंत तर त्यात बँकर, फॅक्टर (मालाचे अडते), धक्केवाले (बंदरावर माल ठेवून घेणारे), हायकोर्टाचे अ‍ॅटर्नी आणि पॉलिसी ब्रोकर अशी नावं आहेत, कॉलेज त्यात कुठेच नाही. आणि गंमत म्हणून नाही, मुद्दाम सांगतो, आम्हा वकिलांनासुद्धा पक्षकाराची फाइल फीसाठी दाबून ठेवता येत नाही. आर. डी. सक्सेना नावाच्या वकिलाने फी थकली म्हणून एका सहकारी बँकेच्या फायली अडवल्या होत्या, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २००० साली कोर्टाने स्वच्छ सांगितलं की फी हवी तर वेगळी कारवाई करा, कागद परत द्यावेच लागतील. मग एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलीची मार्कशीट कॉलेजने कपाटात ठेवून सौदा करायचा हे कसं चालेल! यूजीसीनेही २०१८ च्या नोटिफिकेशनमध्ये विद्यापीठांना आणि त्यांच्या कॉलेजांना बजावलंय की ओरिजिनल बघा, पडताळा आणि परत द्या, ठेवून घेऊ नका.

आता स्टॅम्प पेपर. यात दोन्ही बाजू सांगतो, कारण उद्या त्यांचा वकीलही हेच काढणार. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी २००३ साली इस्लामिक अकॅडमी प्रकरणात म्हटलंय की कॉलेजने एका वेळी एका सेमिस्टरची किंवा एका वर्षाचीच फी घ्यावी, पुढच्या वर्षांची आगाऊ घेऊ नये. पण त्याच निकालात असंही आहे की विद्यार्थी मधेच सोडून जाईल अशी भीती असेल तर फार तर उरलेल्या फीचा बाँड किंवा बँक गॅरंटी मागता येईल. कॉलेजं दुसरं वाक्य फ्रेम करून लावतात आणि पहिलं विसरतात. माझं म्हणणं असं की तुमच्या मुलीचं प्रकरण मधेच सोडण्याचं नाहीच. अजून राउंड चालू आहेत, तिने आत्ता रीतसर सीट सोडली तर ती पुढच्या राउंडला दुसऱ्या कुणाला तरी जाणार, म्हणजे कॉलेजचं नुकसान काय झालं? करार कायद्याच्या कलम ७४ खाली कागदावर कितीही मोठा दंड लिहिलेला असो, मिळते ती वाजवी भरपाई, आणि कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१५ साली सांगितलंय की नुकसानच झालं नसेल तर हे कलम लावून पैसे जप्त करता येत नाहीत. मात्र हेच तुम्ही प्रवेशाची शेवटची तारीख उलटल्यावर केलंत, सीट वर्षभर रिकामी राहिली, तर मी तुमच्या बाजूने एवढ्या जोरात बोलू शकणार नाही. त्यामुळे तारखेला जपा.

कोऱ्या चेकबद्दल एवढंच की कॉलेजला आजच ईमेल करा, चेक नंबर लिहा, हा चेक रक्कम आणि तारीख न टाकता प्रवेशाच्या वेळी घेतलाय, कुठलंही देणं नाही, परत द्या. नुसतं बँकेत जाऊन स्टॉप पेमेंट केलं की झालं असं समजू नका, कलम १३८ ची (चेक न वटल्याची) केस त्यावरही होते, पण देणंच नव्हतं हे दाखवणारा आधीचा ईमेल तुमच्याकडे असला तर तो फार कामाला येतो. आणि समजा नोटीस आलीच तर पंधरा दिवस मोजायला लागा, पाकीट तसंच फ्रिजवर ठेवून देऊ नका.

प्रत्यक्ष कागद काढायचे कसे ते सांगतो. मागच्या एका सीझनला माझ्या एका पक्षकारासोबत मी स्वतः कॉलेजात गेलो होतो. त्या बापाने तोवर आठ फेऱ्या मारलेल्या, प्रत्येक वेळी 'साहेब मीटिंगमध्ये आहेत', आणि आठ फेऱ्यांचा एकही पुरावा त्याच्याकडे नाही, कारण सगळं तोंडी. आम्ही एक पानी अर्ज नेला, दोन कॉपी, खिडकीवर दिला आणि म्हटलं आमच्या कॉपीवर आवक नंबर, तारीख, शिक्का मारून द्या. क्लार्क शिक्का मारेना. मग आम्ही तिथेच उभं राहून तोच अर्ज प्रिन्सिपलच्या ईमेलवर पाठवला, सीसीमध्ये सीईटी सेल (राज्याचे प्रवेश बघणारं कार्यालय) आणि अ‍ॅडमिशन्स रेग्युलेटिंग अथॉरिटी, आणि फोन त्याच्यासमोर धरला. तो आत गेला, थोड्या वेळाने लोखंडी कपाटाचं दार वाजलं, रबर बँड लावलेली फाइल घेऊन बाहेर आला. तुमच्याही बाबतीत इतक्यात काम होईल असं वचन देत नाही, पण तोंडी भांडणापेक्षा शिक्का मारलेल्या कागदाला ही मंडळी जास्त घाबरतात हे बरंच बघितलंय.

तर अर्जात भांडण लिहू नका. प्रवेश कुठल्या राउंडचा, कधी घेतला, काय काय ओरिजिनल जमा केलं त्याची यादी, दुसरीकडे सीट लागलीय, रिपोर्टिंगची शेवटची तारीख अमुक, कागद उद्या दुपारपर्यंत द्यावेत, नाही दिले तर सीट जाण्याची जबाबदारी कॉलेजची. तुम्ही विचारलंय की कागद जमा असल्याचं पत्र पहिल्या कॉलेजकडून घेऊन चालेल का, तर नाही, एमसीसीत ओरिजिनलच लागतात, तसल्या पत्रावर प्रवेश देत नाहीत. दोन दिवसात हललं नाही तर हायकोर्टात रिट, आणि अ‍ॅडमिशनची तारीख तोंडावर आहे म्हटल्यावर सर्क्युलेशन (तातडीच्या सुनावणीची तारीख) लवकर मिळतं, तेवढ्यासाठी स्थानिक वकिलाला आजच फोन करून ठेवा. ग्राहक मंचाच्या नादी लागू नका. शिक्षणसंस्था ग्राहक कायद्यात येत नाहीत असं राष्ट्रीय आयोगाने २०२० ला मनु सोळंकी प्रकरणात म्हटलंय, तिथे वर्ष जाईल.

इथपर्यंत कायदा तुमच्या बाजूने आहे. पण आता तुमची ती शेवटची ओळ. तुम्ही लिहिलंय, 'आम्ही ओबीसी, उत्पन्नाचा दाखला आठ लाखाच्या आतला आहे, याचा काही उपयोग होतो का?'

ताई, उपयोग म्हणजे सगळा निर्णयच यावर फिरतो! ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, प्रोफेशनल कोर्सच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात आधीच्या ५० टक्क्यांऐवजी १०० टक्के लाभ मिळतो. अट अशी की प्रवेश कॅपमधून हवा, मॅनेजमेंट कोट्याला नाही, आणि डीम्ड विद्यापीठांना हे लागू नाही. म्हणजे तुमची मुलगी जी सीट सोडायला निघालीय तिची ट्यूशन फी सरकार देणार, आणि जी घ्यायला निघालीय तिथली चारही वर्षांची तुम्ही देणार. प्रायव्हेट कॉलेजची फी निदान फी रेग्युलेटिंग अथॉरिटी ठरवते, २०१५ च्या कायद्याखाली, डीम्डची ते स्वतः ठरवतात. कॉलेजने पहिल्या वर्षाची पूर्ण फी भरून घेताना तुम्हाला यातलं काहीच सांगितलं नाही असं दिसतंय, ती पावती जपून ठेवा, महाडीबीटीचा (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा) अर्ज भरलाय का बघा, नसेल तर आजच. आणि बघा, जी फी सरकारकडून वर्षावर्षाला यायची तीच चार वर्षांची एकरकमी तुमच्याकडे मागतायत, अर्जात हा मुद्दाही टाका.

दोन लाखांचं मला वाईट वाटतंय. डीम्डला दुसऱ्या राउंडला सीट लागून जॉइन नाही झालं तर ते डिपॉझिट जप्त होतं, रजिस्ट्रेशनला तुम्ही ते मान्य केलेलं असतं, आणि त्यासाठी कोर्टात जावं असं मला वाटत नाही, सीट अडकवून ठेवू नये म्हणूनच तो नियम केलाय. पण दोन लाख जातील म्हणून डीम्डला जायचं हा हिशेब चुकीचा आहे. तिथल्या चार वर्षांच्या फीचा आकडा कागदावर लिहा, खाली दोन लाख लिहा, मुलीला शेजारी बसवून लिहा.

मुलीचं म्हणणं मी हलक्यात घेत नाहीये. तिला डीम्ड का हवंय तर तिथे पेशंट जास्त आहेत, आणि बीडीएसला हा मुद्दा खरा आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षाला दात काढणं, फिलिंग, कवळी यांचा कोटा (ठरवून दिलेल्या केसेसची संख्या) पूर्ण करायचा असतो, ओपीडी रिकामी असली की पोरं नातेवाइकांना फोन करकरून बोलावतात. म्हणून वेबसाइटवरचे फोटो बघून ठरवू नका, उद्याच, वर्किंग डेला सकाळी अकरा वाजता, दोन्हीपैकी जिथे पोचता येईल तिथे तिला घेऊन जा, अर्धा तास ओपीडीत बसा, किती चेअर आहेत ते मोजू नका, किती चेअरवर माणूस झोपलाय ते मोजा. दोन-तीन इंटर्नना कॅन्टीनमध्ये गाठा, विचारा कोटा कसा पूर्ण केला, स्टायपेंड हातात किती येतो, इंटर्नशिपच्या वर्षाला फी घेतात का. आणि दोन्ही कॉलेजांची मान्यता बघा, डिग्री मान्यताप्राप्त आहे की नुसती वर्षावर्षाची परवानगी आहे, तिथे फरक असेल तर तो ओपीडीपेक्षा मोठा.

पहिल्या कॉलेजचा राग येणं साहजिक आहे, मलाही वाचताना आला. पण खिडकीवरच्या माणसाच्या वागण्यावरून पाच वर्षांचं ठरवू नका. त्यांनी धमकावलं म्हणून घाबरून तिथे राहायचं नाही, तसंच धमकावलं म्हणून सरकारी फीची सीट सोडायचीही नाही. ओपीडी ठीकठाक चालू असेल आणि मान्यता पक्की असेल तर माझं मत पहिल्या कॉलेजचं, आणि त्यांच्याशी स्टॅम्प पेपर-चेकचं भांडण आत राहूनही करता येतं. किंवा पुढच्या कॅप राउंडला बेटर सीटसाठी थांबायचं असेल तर स्टेटस रिटेन्शन फॉर्मवर सही करू नका, तो भरला की पुढच्या राउंडमधून नाव गेलं.

मुलगी तरीही डीम्डच म्हणाली, आणि तुमची पैशाची तयारी असली, तर क्रम चुकवू नका. दोन सीट एकत्र धरता येत नाहीत, म्हणून पहिली लेखी रद्द, त्याची पोच, मग ओरिजिनल घेऊन तिकडे. डीम्डला जॉइन झाल्यावर एमसीसीच्या पोर्टलवरून निघालेली ऑनलाइन अ‍ॅडमिशन स्लिप हातात आल्याशिवाय तिथून हलू नका, आणि पुढे कधी ती सीट सोडायची वेळ आली तरी राजीनामा पोर्टलवरूनच जनरेट झालेला हवा, साध्या कागदावरचा ते धरत नाहीत. 'डेव्हलपमेंट'च्या नावाने कुणी रोख मागितली तर पावती मागा, पावती नाही म्हणाले तर देऊ नका. ते कॅपिटेशन झालं, आणि महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

स्टॅम्प पेपरची कॉपी तुमच्याकडे असेल तर दोन्ही बाजूंचा फोटो आज रात्रीच पाठवा, मागच्या बाजूला विक्रेत्याची तारीख आणि कुणाच्या नावाने घेतलाय ते असतं, तो कॉलेजच्याच नावाने घेतलेला निघाला तर अर्जात एक ओळ वाढवू. कॉपी दिलीच नसेल तर तेही कळवा, मग ती मागायचा मुद्दा अर्जात पहिला घालतो.