भारतात प्रशिक्षित मिडवाइफ नसतातच का? पहिले बाळंतपण पुण्यात घरीच करायचे असेल तर कोणाची मदत घ्यावी?

ताई, ‘भारतात प्रशिक्षित मिडवाइफ नसतातच, म्हणून परदेशात शिकलेली कोणी शोधते आहे’ हे आपले वाक्य वाचले आणि उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात डोंगरकडेच्या एका आरोग्य उपकेंद्रावर मी एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका, होते आणि पुढे आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले. आमच्या शिक्षणात प्रसूतीचा विषय असतो, प्रत्यक्ष बाळंतपणे केल्याशिवाय ते पुरे होत नाही, आणि जीएनएम हा परिचर्येचा पदविका अभ्यासक्रम झालेल्या परिचारिकेची नोंदणीसुद्धा परिचारिका व प्रसाविका अशी दुहेरीच होते. मिडवाइफ, म्हणजे बाळंतपण करायला शिकलेल्या प्रसाविका, आपल्याकडे आहेत. त्यांना त्यांचे काम त्यांच्या बुद्धीने करू दिले जात नाही, ही खरी अडचण आहे.

मैत्रिणींची सिझर पाहून आपण धास्तावला आहात, असे आपण लिहिले आहे. ही धास्ती निराधार नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या खासगी दवाखान्यांतील ४७.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाल्याची नोंद आहे, तर सरकारी दवाखान्यांत हेच प्रमाण १४.३ टक्के आहे. खासगीत जाणाऱ्या बायकांची हाडे निराळी नसतात. थोडा फरक वयाचा, आजारांचा आणि बायकांच्या स्वतःच्या मागणीचा असेल. पण उरलेला फरक घाईचा आणि सोयीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१२ च्या पावसाळ्यातील एक बाळंतपण सांगते, कारण आपल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू त्यात आहेत. वरच्या वाडीवरून एका पहिलटकरणीला दिवेलागणीला डोलीतून खाली आणले. सोबत सासू होती आणि वाडीची म्हातारी सुईण होती. ओढ्याला पाणी आल्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्राची जीप येण्याची शक्यता नव्हती. मुलीला आमच्या लोखंडी टेबलावर घेतले. मध्यरात्रीनंतर गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडले, बाळाचे ठोके उत्तम होते, कळाही जोरात होत्या, पण डोके काही केल्या खाली सरकत नव्हते आणि चीत पडून जोर लावता लावता मुलगी दमून गेली होती. तेव्हा सुईण मला म्हणाली, “बाई, तिला उठवा. आडवं पडून पोर खाली कसं यायचं?”

मी तिला टेबलावरून उतरवले. जमिनीवर मेणकापड आणि त्यावर उकळून वाळवलेली चादर अंथरली. मुलगी गुडघ्यांवर बसली आणि तिने खिडकीचे गज धरले. सुईण तिच्या मागे बसून प्रत्येक कळेला तळव्याने कंबर दाबत होती आणि कानाशी हळू आवाजात बोलत होती; मी प्रत्येक कळेनंतर खाली वाकून ठोके ऐकत होते आणि पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपणाची प्रगती टिपण्याच्या तक्त्यावर, नोंदी करत होते. चीत झोपवले की माकडहाड मागे सरकायला जागा राहत नाही आणि गर्भाशयाचा भार पाठीतल्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो. गुडघ्यांवर बसले की दोन्ही मोकळे होते. डोके हळूहळू खाली येऊ लागले आणि उजाडण्यापूर्वी मुलगी झाली. ती लगेच रडली आणि आईला एकही टाका घालावा लागला नाही.

घरी बाळंतपण व्हावे असे म्हणणाऱ्या मंडळींची गोष्ट इथे संपते. माझी संपत नाही. बाळ होताच मी बाळंतिणीच्या मांडीत गर्भाशय आवळून रक्तस्राव थांबवणाऱ्या ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन दिले. वार (प्लासेंटा) पूर्ण पडली, तरीही रक्त थांबेना. चादरीखालून ओघळ निघाला. मी तिची लघवीची पिशवी नळीने रिकामी केली, सलाइन लावले, त्यात आणखी ऑक्सिटोसिन घातले आणि पोटावरून गर्भाशय चोळत राहिले, ते हाताला दगडासारखे घट्ट लागेपर्यंत. हे औषध थंड ठेवावे लागते आणि माझ्याकडे ते थंड ठेवलेले होते. वाडीवरच्या घरात ते कोठून येणार होते? सुईणीचे हात शहाणे होते, पण त्या घटकेला एकट्या हातांचा उपयोग झाला नसता.

पुढच्या मासिक सभेत तेव्हाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मला सगळ्या सिस्टरांसमोर उभे केले. “जमिनीवरच बाळंतपणे करायची तर सरकारने टेबल कशाला दिले?” असे त्यांनी विचारले. मी पार्टोग्राफचा कागद पुढे केला, तो त्यांनी पाहिला नाही. सिस्टरने अडाणी सुईणीचे ऐकले, एवढेच त्यांना दिसले. त्यानंतर २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशी आल्या. बाईला तिच्या इच्छेप्रमाणे हिंडू-फिरू द्यावे, बाळंतपणाची स्थिती तिला निवडू द्यावी, आणि तासाला एक सेंटिमीटर तोंड उघडत नाही एवढ्या एका कारणावरून हस्तक्षेप करू नये, असे त्यांत लिहिले आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारनेही मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत परिचारिकांना अठरा महिन्यांचे जादा प्रशिक्षण देऊन, धोका नसलेली बाळंतपणे त्यांनीच करावीत अशी योजना आहे. साहेबांची बदली तोवर कधीच झाली होती. ते कोठे असतील तेथे त्यांनी ही पाने वाचावीत, असे मला आजही मनापासून वाटते.

आता डुलाबद्दल, म्हणजे बाळंतपणात सोबत करणाऱ्या बाईबद्दल, कारण घरच्या बाळंतपणाच्या मदतीसाठी तिचेही नाव घेतले जाते. त्या रात्री सुईणीने जे केले ते डुलाचे काम, आणि मी जे केले ते मिडवाइफचे. डुला धीर देते, कंबर चोळते, श्वास सांभाळायला सांगते, अखंड सोबत करते; ती तपासणी करत नाही, औषध देत नाही, बाळंतपण करत नाही. या सोबतीचा उपयोग सिद्ध झालेला आहे. कॉक्रेन या संशोधन-आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात १५,००० हून अधिक बायकांवरील चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा अखंड सोबत मिळालेल्या बायकांत नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण जास्त आणि सिझेरियनचे कमी आढळले. मात्र आपल्याकडे डुलांची सरकारी नोंदणी नाही, आणि चार दिवसांच्या शिबिरानंतरही कोणी तसे नाव लावू शकते. घरी येऊन बाळंतपण करते म्हणणारीला तिचा नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. क्रमांक नसेल तर तिला दारातूनच परत पाठवा, मग ती कोणत्याही देशात शिकलेली असो.

घरी बाळंतपण करणे बेकायदा नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत महापालिकेत करावी लागते, इतकेच. तरीही पहिलटकरणीने पुण्यात ते करू नये, असे मी सांगेन. इंग्लंडमध्ये घरच्या बाळंतपणासाठी सरकारी मिडवाइफ येतात आणि रुग्णवाहिका व रुग्णालय त्यांच्या पाठीशी जोडलेले असते. तरीही २०११ च्या तेथील मोठ्या अभ्यासात, घरी बाळंतपण ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी सुमारे ४५ टक्के जणींना कळा सुरू असताना किंवा बाळंतपणानंतर लगेच रुग्णालयात हलवावे लागले, आणि बाळाला गंभीर इजा होण्याचे प्रमाणही त्यांच्यात रुग्णालयापेक्षा जास्त होते. दुसरटकरणींच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही. आपल्या पाठीशी अशी जोडलेली व्यवस्था नाही, आणि संध्याकाळच्या गर्दीत सिंहगड रस्त्यावरून किती वेळ लागतो हे आपण जाणता.

तेव्हा दवाखानाच निवडा, पण विचारून निवडा. कळांच्या वेळी हिंडू देता का, बाळंतपण चीत झोपवूनच करता का, सरसकट छेद देऊन टाके घालता का, सोबतीणीला शेवटपर्यंत आत ठेवता का, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐका. सरकारी दवाखान्यांत सोबतीणीला आत घेण्याची परवानगी केंद्र सरकारने २०१६ मध्येच दिली आहे. हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयासारख्या ठिकाणी प्रशिक्षित मिडवाइफ नियमित बाळंतपणे करतात, त्यामुळे हे भारतात होत नाही असे कोणी म्हणाले तर मानू नका. आणि एखादी अनुभवी सिस्टर “तिला उठवून बसवूया का?” असे विचारत असेल, तर घरच्या माणसांनी तिची बाजू घ्यावी.

हे सगळे धोका नसलेल्या बाळंतपणाबद्दल आहे. आपला रक्तदाब वाढलेला असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, जुळे असतील, बाळ पायाळू असेल किंवा वार गर्भाशयाच्या तोंडाशी असेल, तर वर सांगितलेली दवाखान्याची निवड आपल्याला पुरेशी नव्हे. मग रक्तपेढी आणि भूलतज्ज्ञ चोवीस तास असलेले रुग्णालयच गाठा, आणि सिझेरियन करायला सांगितले तर कारण विचारून करून घ्या.