पॉइंटांवर घेतलेला कुकर फुकटचा नसतो

प्रश्न : आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजजवळ राहतो. अडीच वर्षं महिन्याचा किराणा एकाच मोठ्या मार्टमधून भरतो आहोत. शंभर रुपयांच्या खरेदीला चार पॉइंट आणि एक पॉइंट पंचवीस पैशांचा, असं त्यांचं कार्ड होतं. दिवाळीत 2,000 पॉइंट आणि वर 499 रुपये रोख देऊन पाच लिटरचा कुकर घेतला. तिसऱ्याच दिवशी झाकणाच्या कडेने वाफ यायला लागली, मग सेफ्टी व्हॉल्व उडाला आणि डाळ छताला. कुणाला भाजलं नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी कुकर घेऊन गेले तर काउंटरवर उत्तर, ‘फ्री गिफ्ट पर कोई गारंटी नहीं.’ बिलावरही ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा’ छापलेलं आहे. पुढच्याच महिन्यात त्यांचं नवं ॲप आलं आणि जुन्या कार्डावरचे माझे 3,840 पॉइंट शून्य झाले. मॅनेजर म्हणतात, कंपनीचा निर्णय. हे म्हणतात, हजार रुपयांसाठी कोर्टात कोण जातं? पॉइंट परत मिळतील का? मनस्तापाचे पन्नास हजार मागता येतील का?
— एक वाचक भगिनी, ग्वाल्हेर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात पॉइंटांचं दुःख मोठं आहे आणि कुकर ओघात आला आहे. मी ते उलट्या क्रमाने वाचलं. पॉइंटांबद्दल वाद घालता येतो. कुकरबद्दल दुकानदाराकडे फारसं उत्तर नाही.

तो कुकर पुन्हा गॅसवर चढवू नका आणि दुरुस्तही करून घेऊ नका. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने शंभर रुपयांत व्हॉल्व बदलून दिला की तुमचा पुरावा त्याच्या डब्यात गेला. उडालेला व्हॉल्व, रिंग, झाकण, खोका, सगळं एकत्र बांधून ठेवा. छताचा फोटो काढला नसेल तर रंग देण्याआधी काढा. बिल त्या गुळगुळीत कागदावरचं असेल तर आजच झेरॉक्स करा. सहा महिन्यांत ते कोरं होतं, आणि कोऱ्या बिलावर मी फार भांडलो आहे.

आता ‘फ्री गिफ्ट’. तुम्ही 499 रुपये रोख दिले, आणि दुकानाच्याच दराने 2,000 पॉइंटांचे 500 रुपये होतात. म्हणजे कुकर 999 रुपयांना पडला. ते पॉइंटसुद्धा तुम्ही किराण्यात मोजलेल्या पैशांतूनच आले. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापार प्रथांची जंत्री आहे. वस्तूची किंमत पूर्ण किंवा अंशतः व्यवहारातच वसूल करून ती फुकट दिल्याचा आभास निर्माण करणं, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हेही त्याच कलमात आहे: बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत. तुम्ही आठवड्याच्या आत गेला होतात. ‘बिका हुआ माल’ हे वाक्य बाजारात सगळीकडे छापलेलं दिसतं. आवडला नाही म्हणून परत आणलेल्या साडीपुरतं त्याचं काही चालेलही, पण सदोष मालाला ते लागू होत नाही.

कुकर उलटा करून बघा, आयएसआयची खूण आहे का आणि तिच्यासोबत सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स क्रमांक आहे का. घरगुती प्रेशर कुकरला ही खूण 1 फेब्रुवारी 2021 पासून सक्तीची आहे. मानक आयएस 2347. क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की खरा-खोटा कळतो. खूण नसेल किंवा खोटी असेल तर तुमचं पारडं एकदम जड होतं. बीआयएस कायदा, 2016 च्या कलम 17 मध्ये असा माल विकायला मनाई आहेच, वाटायलाही आहे. तेव्हा ‘आम्ही विकला कुठे, भेट दिला’ ही पळवाटही बंद.

पॉइंटांचं मात्र जरा सांभाळून. कार्ड घेताना मिळालेलं माहितीपत्रक शोधा. ‘पॉइंट एक वर्ष वैध’ असं त्यात असेल तर जुन्या पॉइंटांवर पाणी सोडा आणि शेवटच्या वर्षाचेच मागा. मुदत लिहिलेली नसेल आणि पूर्वसूचना न देता सगळं शून्य केलं असेल, तर देऊ केलेलं न देणं म्हणून दाद मागता येते. ‘कंपनी केव्हाही योजना बदलू शकते’ हे वाक्य ते पुढे करतील. त्यावर चिडून तक्रारीत ‘अन्याय्य करार’ असा मुद्दा घालू नका. त्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार कायद्याने राज्य ग्राहक आयोगाला दिला आहे, म्हणजे भोपाळच्या वाऱ्या. अनुचित व्यापार प्रथा आणि सेवेतील त्रुटी एवढंच म्हणा आणि ग्वाल्हेरच्या जिल्हा ग्राहक आयोगातच राहा. शिल्लक पॉइंट दाखवणारे जुने एसएमएस पुसू नका.

आधी मार्टला आणि कंपनीच्या मुख्य कार्यालयाला स्पीड पोस्टाने एकच पत्र पाठवा: काय घेतलं, काय झालं, काय हवं, पंधरा दिवसांत उत्तर द्या. त्याच सुमारास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवा. हेल्पलाइन हुकूम काढू शकत नाही. पण तक्रार कंपनीकडे जाते, आणि मुख्य कार्यालयातल्या माणसाला हजार रुपयांसाठी फाइल उघडी ठेवायची नसते. माझ्या मते तुमचं काम इथेच होण्याची शक्यता जास्त.

नाही झालं तर जिल्हा आयोग. आता कंपनी कुठलीही असो, तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, ‘ई-जागृति’ पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, आणि वकील लागत नाही, हे वकील असूनही सांगतो. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. निकाल तीन महिन्यांत, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच, असं कायद्यात आहे. तारखा त्याहून जास्त पडतात, हे धरून चला.

पन्नास हजारांचं म्हणाल, तर मागायला बंदी नाही. पण कुणी भाजलेलं नाही, दवाखान्याचं बिल नाही. हिशोब कुकरचे 999 आणि पॉइंटांचे 960, मिळून 1,959 रुपये. त्यावर त्रासापोटी आणि खर्चापोटी बेताची रक्कम मागितली तर आयोग तुम्हाला गंभीरपणे घेईल. मी असतो तर पैशांपेक्षा आणखी एक मागणी घातली असती: बिलावरचं ते वाक्य आणि ‘फ्री गिफ्टला गॅरंटी नाही’ ही प्रथा बंद करण्याचा आदेश. तसा आदेश देण्याचा अधिकार आयोगाला आहे, आणि मार्टला तोच जास्त झोंबेल. तुमच्या वाड्यात, भिशीत आणखी कुणाचे पॉइंट गेले असतील तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एकच तक्रारही करता येते. तेव्हा तुमच्या यजमानांचा ‘हजार रुपयांसाठी’ हा सवाल उरणार नाही.

पत्र गेल्यावर मॅनेजरचा फोन येईल, ‘मॅडम, नया कुकर ले जाइए.’ खूण तपासून अवश्य घ्या. पण सोबत पुढे केलेल्या कागदावर ‘माझी कोणतीही तक्रार शिल्लक नाही’ असं असेल तर सही करू नका. ‘फक्त कुकर बदलून मिळाला, पॉइंटांची तक्रार कायम’ असं स्वतःच्या हाताने लिहा आणि त्या कागदाचा फोटो घेऊनच काउंटर सोडा.