मागचे ड्रम काढून डिस्क टाकू का?

प्रश्न: नमस्कार सर, माझी हॅचबॅक बारा वर्षं जुनी आहे, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक. हल्ली ब्रेक दाबला की पेडल जरा खाली जातं आणि गाडी पहिल्यासारखी थांबत नाही असं वाटतं. याच मॉडेलच्या टॉप व्हेरियंटला मागे डिस्क येतात, ते सामान जुन्यात मिळतंय. मित्र म्हणतो टाकून घे, गाडी निम्म्या अंतरात थांबेल. काय करू?

उत्तर: निम्म्या अंतरात नाही थांबणार, हे आधी सांगून टाकतो. ब्रेक मारला की आपण सीटवर पुढे झुकतो तसंच गाडीचं वजनही पुढच्या चाकांवर जातं, मागची हलकी होतात, त्यामुळे ६०-७० टक्के काम पुढचेच ब्रेक करतात आणि करकचून ब्रेक मारला तर त्याहूनही जास्त. मागे कितीही भारी ब्रेक लावा, हलक्या झालेल्या चाकाला रस्त्यावर पकडच कमी, ते लॉक होणार, म्हणजे फिरायचं थांबून घसरणार. आणि मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक झाली की गाडीची शेपूट फिरते, स्टिअरिंग कितीही सांभाळलं तरी. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण रोजच्या चालवण्यात ते कळतच नाही, कळतं ते ओल्या रस्त्यावर कोणीतरी अचानक आडवं आलं की.

तुम्ही जे सांगताय ना, पेडल खाली जाणं, पकड कमी वाटणं, ते मला ड्रम असण्यापेक्षा ड्रमची देखभाल न झाल्याचं लक्षण वाटतं. ड्रम एकदा उघडून बघा. आत ड्रमला आतून दाबणारे दोन कमानीसारखे शू असतात, त्यांच्या मध्ये दातेरी चाक असलेला अ‍ॅडजस्टर असतो, शू झिजतील तसा तो आपोआप लांब होत जातो म्हणजे शू आणि ड्रममधली फट वाढत नाही. जुन्या गाडीत तो गंजून जाम झालेला असतो, बोटाने फिरवून बघा, फिरला नाही तर तुमचं पेडल खाली का जातं त्याचं उत्तर बहुतेक तिथेच आहे. मग शूंना बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर जरासं उचलून बघा, आत ओलसर दिसलं तर ऑइल गळतंय, आणि ते लायनरवर, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरावर गेलं असेल तर शू बदलायचेच, पुसून चालत नाही. ड्रमच्या आत धार आली असेल तर माप घ्या, जास्तीत जास्त किती व्यास चालेल ते सहसा ड्रमवरच कोरलेलं असतं. आतली धूळ हवा मारून किंवा फुंकून उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर तेही बदला, ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग गरम झालं की आत वाफ होऊन पेडल मऊ पडतं.

एवढं करूनही डिस्क हवेच असतील तर फायदा कुठे आहे तेही सांगतो. गाडी भरून लांब उतार नेहमी उतरत असाल तर डिस्क लवकर थंड होतात. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो आणि पेडल आणखी खाली जातं, डिस्कमध्ये तसं होत नाही. पाण्यातून गेल्यावरही डिस्क पटकन कोरडी होते. पण ड्रम म्हणजे मागासलेलं काहीतरी असं समजू नका, फोक्सवॅगनने आयडी.४ या इलेक्ट्रिक गाडीला मागे ड्रमच दिलेत, कारण तिथे बराचसा वेग मोटरच कमी करते, मागचे ब्रेक फारसे वापरात येत नाहीत आणि झाकलेल्या ड्रमला गंजाचा त्रास कमी.

आता बदलायचंच तर नुसती कॅलिपर (पॅड दाबून डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा भाग) आणि डिस्क आणून भागत नाही. ड्रममध्ये पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच आणखी घट्ट ओढला जातो, डिस्कला ही फुकटची मदत नाही, म्हणून कॅलिपरचा पिस्टन व्हील सिलिंडरपेक्षा बराच मोठा असतो आणि त्याला ऑइलही जास्त लागतं. म्हणजे मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा), मागचं प्रेशर कमी ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, हँडब्रेकची केबल, होज (रबरी नळ्या), लागला तर हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), हे सगळं त्याच टॉप व्हेरियंटचं घ्या, पार्ट नंबर जुळवून. एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर मागचं प्रेशर तेच सांभाळतं पण त्याचं गणित कंपनीने त्या-त्या ब्रेकवर बसवलेलं असतं, तेव्हा मॉड्यूल वेगळं आहे का ते आधी विचारा. जुन्यातले होज आणि पॅड मात्र अजिबात घेऊ नका. आणि विमा कंपनीला कळवा.

प्रश्न: मी मागे डिस्क करून घेतले, पण पेडल लांब जातं आणि हँडब्रेक चढावर धरत नाही. ब्रेकच्या नळ्यांतली हवा दोनदा काढून झाली.

उत्तर: गाडी सध्या चालवू नका. चाक काढा आणि कॅलिपरचा हवा काढायचा निपल कुठे आहे ते बघा. तो वरच्या बाजूलाच हवा. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला की निपल खाली येतो, हवा वर अडकून राहते, मग दोनदा काय दहादा काढली तरी निघत नाही. ते बरोबर असेल तर हँडब्रेकची केबल पूर्ण ढिली करा आणि कॅलिपरवरचा तिचा लिव्हर आपल्या स्टॉपला टेकतो का बघा. केबल आधीच ताणून बसवली की लिव्हर अर्धवट उचललेला राहतो, आतलं ऑटो अ‍ॅडजस्ट चालत नाही, पेडल लांब जातं आणि हँडब्रेकही धरत नाही. दोन्ही तक्रारी एकदम आल्यात म्हणून मला याचाच संशय जास्त आहे. आधी इंजिन चालू ठेवून पेडल बऱ्याच वेळा दाबा, पॅड डिस्कला लागू देत, आणि मगच केबल ताणा, लिव्हर स्टॉपवरून हलायच्या आत थांबा. केबल अजून ड्रमचीच असेल तर तिची लांबी आणि खेच वेगळी असते, ती बदलावीच लागेल.